गुरगुरणारा कुत्रा ‘डोक्यावर बसलेला’ नसतो: वचक न बसवता वागणं कसं सुधारायचं

सोफ्यावरून उठवायला गेलं की गुरगुरतो. जेवताना जवळ गेलं की थिजतो. फिरायला नेलं की खांदा निखळेल इतका ओढतो. घरात अशी तक्रार निघाली की सल्ला ठरलेला असतो: ‘लाडावलाय. डोक्यावर बसलाय. मालक कोण ते एकदा दाखवा, वचक बसला की सुतासारखा सरळ होईल.’ ट्रेनर तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतो: तो स्वतःला अल्फा, म्हणजे कळपाचा पुढारी, समजतोय, तुम्ही पॅक लीडर व्हा. मग नियमांची यादी येते. त्याच्या आधी तुम्ही जेवा. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. सोफ्यावर चढू देऊ नका. गुरगुरला तर उताणा पाडून, मान दाबून धरा.

यातल्या शेवटच्या सल्ल्यामुळे माणसांना चावे बसतात. बाकीच्या नियमांनी नुसता वेळ जातो, कारण मूळ दुखणं जिथल्या तिथेच राहतं.

कुत्र्याला घरातली सत्ता नको असते. गुरगुरताना तो एवढंच सांगत असतो: लांब राहा. का, हे शोधणं आपलं काम. कारणं मोजकीच आहेत. जवळची वस्तू काढून घेतील ही धास्ती, शरीरात कुठेतरी दुखणं, झोपेत दचकणं, माणसाचीच भीती, आणि ‘गुरगुरलं की हे मागे सरतात’ हा आजवरचा अनुभव. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी निदान, मग उपचार.

अल्फाची गोष्ट आली कुठून

रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले आणि १९४७ मध्ये त्यावर लिहिलं. एका कुंपणात कोंडलेले, जागा सोडून निघून जायची सोय नसलेले ते लांडगे होते. त्यांच्यात मारामाऱ्या झाल्या, वरचा-खालचा असा क्रम दिसला. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ हा शब्द घरोघरी पोचला. पुढे १९८६ पासून मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, मोकळे लांडगे दर उन्हाळ्यात जवळून पाहिले. तिथे कळप म्हणजे साधं कुटुंब निघालं: आई, बाप आणि एक-दोन विणींची पोरं. बाप ‘लढून’ पुढारी झालेला नव्हता. तो बाप होता, एवढंच. १९९९ मध्ये मीच यांनी तसं स्वतःच लिहिलं, आणि आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाकडे पुढे अनेक वर्षं तगादा लावला. शास्त्रज्ञाने आपलीच चूक इतक्या चिकाटीने निस्तरावी याचं मोल मोठं आहे. पण तोवर अल्फा कुत्र्यांच्या शिकवणीत शिरला होता आणि तो अजून तिथेच आहे.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या सोबतीत तो किमान पंधरा हजार वर्षं आहे. आपल्या गल्लीतली कुत्री बघा. ती लांडग्यांसारखी एकजुटीने मोठी शिकार करून पोट भरत नाहीत. कचराकुंडी, चहाची टपरी, मटणाचं दुकान आणि कुणीतरी रोज टाकलेली पोळी यावर जगतात. त्यांचे गट सैल असतात, आज तीन तर उद्या पाच. पिल्लांचं बहुतेक सगळं आईच बघते.

‘डॉमिनन्स’ हा शब्द प्राणिवर्तनशास्त्रात आहे, तो खोटा नाही. पण तिथे त्याचा अर्थ मर्यादित आहे: दोन ठरावीक प्राण्यांमध्ये, एखाद्या वस्तूवरून, पुन्हा पुन्हा कोण मागे सरतो याचं वर्णन. तो कुणाचा स्वभाव नसतो. हाडकासाठी मागे सरणारी कुत्री उन्हातल्या जागेसाठी मागे सरेलच असं नाही. त्यामुळे ‘आमचा डॉमिनंट आहे’ या वाक्यातून काय करायचं हे काहीच कळत नाही.

आधी सात दिवसांची वही

काहीही बदलण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. प्रत्येक प्रसंगाला चार गोष्टी: लगेच आधी काय झालं, कुत्र्याने नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं, कोण हजर होतं. वेळही लिहा. विशेषणं नकोत. ‘माज दाखवला’ असं लिहायचं नाही, दिसलं तेवढंच. उदाहरणार्थ:

‘रात्री ९.४०. सोफ्यावर झोपलेला. बाबांनी गळ्यातला पट्टा धरून ओढलं. आधी नाक चाटलं, तोंड फिरवलं, अंग ताठ. मग गुरगुरला. बाबा मागे सरले, तो तिथेच राहिला.’

या पाच ओळींत सगळं आलं. पट्टा धरणं ही ठिणगी, ‘बाबा मागे सरले’ हे बक्षीस. अशा दहा नोंदी झाल्या की नमुना आपोआप दिसतो: फक्त रात्री होतं, फक्त पट्टा धरल्यावर होतं, किंवा नातू घरी असतानाच होतं.

गुरगुरण्याला शिक्षा नको

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून.

कुत्रा एकदम चावत नाही. आधी नाक चाटतो, भूक-झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, पुढचा पाय उचलून धरतो. मग अंग आखडतं. तोंड मिटतं, धाप थांबते, डोकं तिथेच राहून नुसते डोळे फिरतात आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. ही थिजलेली अवस्था दोन-तीन सेकंदांचीच असते, पण तीच पकडायला शिका. त्यानंतर गुरगुर, मग दात दाखवणं, मग हवेत चावा, आणि शेवटी अंगावर.

गुरगुरल्यावर फटका बसला तर भीती जात नाही, आवाज जातो. पुढच्या वेळी तो थिजतो आणि थेट चावतो. ‘काही कारण नसताना अचानक चावला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी कुत्र्यांच्या बाबतीत आधीच्या पायऱ्या माणसांनीच मारून काढलेल्या असतात. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही: वचक माणसागणिक बसतो. आजोबांसमोर मान खाली घालणारा कुत्रा दाबलेली भीती सहा वर्षांच्या मुलीवर काढतो, कारण तिचा वचक नसतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना त्यांनी घरी काय काय करून पाहिलं ते विचारलं होतं. मारलं किंवा लाथ घातली, तेव्हा ४३ टक्के कुत्री उलट अंगावर आली. उताणं पाडून धरलं, तेव्हा ३१ टक्के. नुसतं डोळ्यांत रोखून पाहिलं, तरी ३० टक्के. ही कुत्री मुळात अडचणीतली होती, हे खरं. पण ‘वचक बसवा’ हा सल्ला नेमका अशाच कुत्र्यांसाठी दिला जातो ना?

तेव्हा गुरगुरला की थांबा, नजर बाजूला करा, दोन पावलं मागे व्हा. यात तुमची हार नाही. त्याने शहाणपणाने इशारा दिला, तुम्ही तो ऐकलात. मग वहीत लिहा आणि तीच वेळ पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था करा.

दुखणं आधी तपासा

आजवर शांत असलेला कुत्रा बदलला असेल, तर शिकवणीआधी पशुवैद्याकडे. कान पिकलेला असला की डोक्याला हात लावू देत नाही. खुब्याचं किंवा कण्याचं दुखणं असलं की सोफ्यावरून उतरायला सांगितलं तर गुरगुरतो, कारण उतरताना कळ येते. दात दुखत असले की भांड्याशी चिडतो. घरात अचानक जागोजागी मुतायला लागला तर आधी लघवीची तपासणी. तो ‘हद्द दाखवत’ असेलच असं नाही. डॉक्टरांना नुसतं ‘चिडचिडा झालाय’ म्हणू नका. वहीतल्या नोंदी दाखवा, आणि घरी जिना चढताना, झोपेतून उठताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ न्या. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो.

जेवणाच्या भांड्याशी गुरगुरणं

‘जेवताना भांड्यात हात घालायची सवय ठेवा, नाहीतर शेफारतो’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो रोगच पेरतो. जेवताना रोज कुणी आपल्या ताटात हात घातला तर आपणही ताट जवळ ओढू. कुत्र्याने शिकायला हवं ते उलटं: माणूस जवळ आला की माझ्या भांड्यात भर पडते.

लागणारं सामान थोडं. रोजचं साधं जेवण भांड्यात. हातात त्याहून कितीतरी चांगलं काहीतरी: मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, शाकाहारी घरात पनीर. तुकडे हरभऱ्याएवढे, एका जेवणाला सात-आठ पुरेत. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी; ते चुकूनही नको.

पहिलं काम अंतर मोजणं. तो खात असताना लांबून या आणि बघा, किती फुटांवर खाण्याचा वेग वाढतो, डोकं भांड्यात खोल जातं किंवा अंग आखडतं. समजा ते सहा फूट निघालं. सुरुवात आठ फुटांवरून करायची, म्हणजे तो निर्धास्त आहे तिथून.

आठ फुटांवर या, एक तुकडा भांड्याजवळ टाका, पाठ फिरवून निघून जा. उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, निरखायचं नाही. निघून जाणं हाही बक्षिसाचाच भाग आहे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. एका जेवणात सहा-सात वेळा, दिवसातून दोन्ही जेवणांना.

पावलांचा आवाज आला की तो भांड्यातून तोंड वर काढून, शेपूट सैल हलवत तुमची वाट बघू लागेल. सलग तीन जेवणांना असं झालं की फूटभर पुढे. आखडला तर दोन फूट मागे, आणि तिथेच आणखी दोन दिवस. भांड्याशेजारून चालत जाताना तुकडा आत टाकता येईपर्यंत बहुतेक घरांत दोन ते चार आठवडे जातात. त्यानंतरच किंचित वाकून टाकणं, मग भांड्याच्या कडेला बोट लावून टाकणं, आणि शेवटी भांडं उचलून, त्यात भरपूर घालून, लगेच परत ठेवणं. इथवर प्रत्येक घरी जायलाच हवं असं नाही. शेजारून निर्धास्त जाता आलं तरी बहुतेकांचं काम झालं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. दोन दिवस बरं गेलं म्हणून तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘बघू तरी’ म्हणत भांड्यात हात घालतं, आणि आठवड्याची मेहनत एका क्षणात जाते. किंवा तुकडा भांड्यातल्या जेवणाहून चांगला नसतो; पोळीच्या बदल्यात पोळी देऊन काय साधणार? किंवा आई तुकडे टाकते आणि दादा त्याच वेळी भांडं ओढतो. घरातल्या सगळ्यांनी एकच रीत पाळा, आणि प्रत्येक मोठ्या माणसाने लांबच्या अंतरापासून स्वतः सुरुवात करा. आईवरचा विश्वास दादाच्या खात्यात जमा होत नाही.

हे काम मुलांनी करायचं नाही. कुत्रा जेवत असताना मूल दुसऱ्या खोलीत आणि मधलं दार बंद. घरात दोन कुत्री असतील तर दोन खोल्यांत जेवण. पूर्वी कुणाला चावून रक्त काढलेलं असेल तर वागणुकीच्या जाणकार पशुवैद्याला सोबत घेतल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरचा कुत्रा आहे, लस झालेली आहे, म्हणून टाळू नका. रेबीजच्या इंजेक्शनचं डॉक्टर ठरवतील.

पळवलेली चप्पल

मागे धावलं की खेळ होतो. कोपऱ्यात गाठून जबड्यातून ओढून काढलं की पुढच्या वेळी तो ती वस्तू राखतो, नाहीतर गिळतो. मोजा गिळून आतडं अडकलं तर शस्त्रक्रिया करावी लागते.

‘दे’ हा शब्द शांत वेळी शिकवा. सुरुवात त्याला फारशा प्रिय नसलेल्या खेळण्यापासून. खेळणं तोंडात असताना तुकडा नाकाशी न्या. तोंड उघडलं की ‘दे’ म्हणा, तुकडा द्या, आणि खेळणं परत द्या. हे परत देणं लोक विसरतात, आणि सगळी जादू त्यातच आहे: दिल्याने काही जात नाही, उलट दुप्पट मिळतं. एका वेळी आठ-दहा फेऱ्या. दोन-तीन दिवसांनी शब्द आधी, तुकडा नंतर. मग हळूहळू जास्त आवडीच्या वस्तू. शिकवून होण्याआधीच गोळ्यांची पट्टी उचलली असेल, तर त्याच्या अंगावर न जाता मूठभर चिकन लांब जमिनीवर विखरून टाका. तो वेचत असताना पट्टी उचला आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

सोफा

कुत्र्याने सोफ्यावर बसावं की नाही हा घरातल्या आवडीचा आणि केसांचा प्रश्न आहे, सत्तेचा नाही. उंचावर बसल्याने तो राजा होत नाही; तिथे मऊ असतं, पंख्याचा वारा लागतो आणि तुमचा वास येतो. नको असेल तर नको, पण सगळ्यांसाठी कायम नको. आज ‘ये रे सोन्या’ आणि उद्या पाहुण्यांसमोर फटका, याचा त्याला काहीच अर्थ लागत नाही.

उतरवायला पट्टा धरून ओढू नका. आधी खाली, सोफ्याला लागूनच, जाड गादी घाला. तळहात त्याच्या नाकापासून चार इंचांवर धरा. हुंगायला नाक लावलं की ‘छान’ आणि तुकडा. दहा वेळा केल्यावर हात जाईल तिकडे नाक जातं. आता सोफ्यावरून हात गादीकडे न्या, ‘खाली’ म्हणा, उतरला की गादीवर तुकडा. झोपलेला असेल तर आधी लांबून नावाने जागं करा. नवीन सवय पक्की होईपर्यंत, तुम्ही घरी नसताना सोफ्यावर उलटी खुर्ची ठेवली तरी भागतं.

दोरी ओढणं

तो पुढे चालतो कारण त्याची चाल आपल्यापेक्षा वेगवान आहे आणि पुढच्या खांबाला बातम्या लागलेल्या असतात. ओढलं की खांब जवळ येतो, म्हणून ओढतो. एवढंच.

गळा आवळणारी साखळी आधी काढा. तिने श्वासनलिकेवर ताण येतो. शिवाय दुसरा कुत्रा दिसताच गळ्याला हिसका बसला की तो शिकतो: दुसरा कुत्रा म्हणजे दुखणं. भुंकणं वाढतं ते त्यामुळे. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. दोरी सहा फुटांची, साधी.

पहिले चार-पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गर्दी नसताना, दहाच मिनिटं. दोरी सैल असेल तर दर दोन-तीन पावलांना तुमच्या मांडीशी तुकडा. ताणली की झाडासारखं उभं राहा. हिसका नको, बोलणं नको. वळून पाहिलं किंवा दोरी सैल झाली की चला. मग पाच पावलांना एक, दहाला एक. आणि हुंगू द्या! सैल दोरीने खांबापर्यंत आला तर तो खांब हुंगणं हेच बक्षीस. त्यासाठी चिकनही लागत नाही. सकाळी ऑफिसची घाई असेल त्या दिवशी शिकवू नका. घाईत आपण ओढू देतो, आणि ‘कधीकधी ओढून जमतं’ हा धडा सगळ्यात पक्का बसतो.

बाकीचे थोडक्यात

दारातून आधी कोण जातं याचा मानाशी संबंध नाही, लिफ्टशी आणि रस्त्यावरच्या गाड्यांशी आहे. कडीला हात लावा. बसून राहिला तर दार दोन इंच उघडा. उठला तर बंद. चार-पाच फेऱ्यांत त्याला कळतं की बसल्यानेच दार उघडतं. पाहुण्यांवर उडी हा तोंडापर्यंत पोचायचा प्रयत्न असतो. चारही पाय जमिनीवर असतानाच लक्ष आणि तुकडा द्या, गुडघा मारू नका. पायाला बिलगून चढणं हे बहुतेकदा अतिउत्साह किंवा ताण असतो. शांतपणे बाजूला करा आणि चघळायला काहीतरी द्या. त्याच्या आधी जेवलात की नंतर, याने काहीही फरक पडत नाही. जेवणाची वेळ ठरलेली असली की तो निवांत राहतो. दोरीची रस्सीखेच खेळताना त्याला खुशाल जिंकू द्या, फक्त ‘दे’ म्हटल्यावर सोडायला शिकवा.

ट्रेनर बोलावताना

तीन प्रश्न विचारा. बरोबर केलं तर काय देता? चुकलं तर काय करता? त्यानेही जमलं नाही तर पुढे काय? उत्तरात ‘करेक्शन’, साखळी, काटेरी किंवा शॉकचा पट्टा, ‘जरा दाबून धरायचं’ असं काही आलं तर नमस्कार करून परत पाठवा. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाकाने शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, जास्त वाढलं.

‘पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो’ यालाही नकार द्या. तिथे काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुमच्या सोफ्यावरची, तुमच्या बाबांच्या हातांबद्दलची धास्ती दुसऱ्याच्या अंगणात सुटत नाही. ट्रेनरने घरी यावं, तुमच्यासमोर शिकवावं, आणि अर्ध्या वेळेनंतर तुकड्यांची पिशवी तुमच्या हातात द्यावी. तो शिकवत असताना कुत्र्याकडे बघा: तोंड सैल उघडं आहे का, तुकडा घेतोय का, आपणहून जवळ येतोय का. शेपूट पोटाखाली गेली आणि चिकनही नाकारलं, तर शिकवणी तिथेच थांबवा.